दोन दारं, सतरा वर्षं

२००८ च्या ऑक्टोबरात घरी फोन करून म्हटलं, "आई, कूपे घेतली."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "अरे वा, तिकडे रेल्वेत अजून कूपे मिळतो? आणि कुठे निघालात?"

चूक तिची नाही. आमच्या घरी कूपे म्हणजे फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा, आतून कडी लावता येणारा कप्पा. त्यातून प्रवास करणारी माणसं आमच्या नात्यात तरी नव्हती. मी तिला समजावून सांगितलं की मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेली', मोठी घोडागाडी कापून केलेली दोन माणसांची गाडी ती कूपे, रेल्वेतला कूपेही त्याच घराण्यातला, आणि अमेरिकन लोक त्याला 'कूप' म्हणतात. एवढं भाषाशास्त्र ऐकल्यावर तिने फोन आण्णांकडे दिला.

"दारं किती?"
"दोन."
"बसणार किती?"
"चार. म्हणजे, तसे चार."
"म्हणजे दोन. आणि दोन दारं कमी म्हणून पैसे कमी घेतले का?"
"नाही, थोडे जास्तच."
"मग गाडी नाही कापली त्यांनी," आण्णा म्हणाले, "तुला कापला."

आमचे आण्णा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये फिटर होते. पस्तीस वर्षं बसची इंजिनं खोलून परत बसवली. त्यामुळे गाडी ह्या विषयावर घरात मतभेदाला जागा नसायची. आण्णा सांगतील ते.

तर ही त्या गाडीची गोष्ट. गोष्ट म्हणण्यापेक्षा एक मत आहे, आणि ते मत असं की स्पोर्टी म्हणवणारी जुनी दोन दारांची गाडी सतरा वर्षं सांभाळणं हा व्यवहार नाही आणि वेडेपणाही नाही. ह्या दोन्ही गोष्टी मला दर वीकांताला कोणी ना कोणी ऐकवतं. व्यवहार म्हणणारे गाडीवेडे असतात, वेडेपणा म्हणणारे सगळे बाकीचे.

गाडी म्हणजे २००४ सालची ॲक्युरा आरएसएक्स टाइप-एस. जपानात हीच गाडी होंडा इंटिग्रा ह्या नावाने विकली जायची, आणि आमचीही आली सुझुकाच्या कारखान्यातूनच. मी घेतली तेव्हा ५२ हजार मैल चाललेली होती आणि मी १३,२०० डॉलर मोजले. दिवस आठवा. लेहमन ब्रदर्स बुडून महिनासुद्धा झाला नव्हता. मी एच-वन व्हिसावर, लग्नाला एक वर्ष झालेलं, न्यू जर्सीत एडिसनजवळ एका बेडरूमचं अपार्टमेंट. त्या काळात आमच्यासारख्यांची गाडी ठरलेली असायची. कॅमरी, कोरोला किंवा अकॉर्ड, रंग चंदेरी किंवा बिस्किटी, तीही अशी की ओक ट्री रोडच्या पार्किंगमध्ये आपली कुठली हे किल्लीचं बटण दाबल्याशिवाय कळू नये. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ देसी सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

ठीक होतं. इतकंच झालं होतं की मी एका निवृत्त शिक्षकाच्या घरी ही गाडी बघायला गेलो, आणि त्याने गाडीच्या आधी माझ्यासमोर एक फाइल ठेवली. प्रत्येक ऑइल बदलाची पावती, तारखेनुसार. मी दिवसभर दुसऱ्यांचा विनाकॉमेंटचा कोड वाचून पोट भरणारा माणूस. मला इतकं नीट डॉक्युमेंटेशन आयुष्यात कोणी दाखवलं नव्हतं. गाडी चालवून बघायच्या आधीच मी विकत घेतली होती म्हणा ना.

मग चालवली. आता जरा तांत्रिक बोलतो, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी.

दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, आणि २०० अश्वशक्ती. ही शक्ती मिळते ७,४०० आरपीएमला, आणि लाल रेघ ७,९०० ला. म्हणजे रोजच्या ट्रॅफिकमध्ये ही गाडी एखाद्या सुस्वभावी सिव्हिकसारखी असते, किंबहुना खालच्या आरपीएमला जरा मरगळलेलीच. पण कॅमशाफ्टवर झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी तीन उंचवटे आहेत. दोन सौम्य, मधला उग्र. ५,८०० आरपीएमच्या आसपास ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, सगळे रॉकर एकमेकांत अडकतात आणि झडपा मधल्या उंचवट्याच्या तालावर उघडायला लागतात. जास्त उंच, जास्त वेळ. ह्यालाच व्हीटेक म्हणतात. शब्दांत सांगायचं तर, आवाज बदलतो. घसा खाकरून गायला बसलेला माणूस अचानक तार सप्तकात जावा तसा. मानेमागे काहीतरी होतं. आणि हे सगळं तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये कायद्याच्या मर्यादेच्या आसपासच अनुभवू शकता, हे फार महत्त्वाचं. ज्या गाडीची मजा ताशी शंभर मैलांनंतर सुरू होते ती गाडी माझ्यासारख्या पापभीरू माणसाच्या काय कामाची?

असो. आधी पैशांचं बोलू, कारण तिथेच सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं.

माझ्याकडे एक स्प्रेडशीट आहे (असणारच). सतरा वर्षांत दुरुस्ती, देखभाल आणि टायर ह्यांवर मी १९,४०० डॉलर घातले. गाडीची किंमत मिळवली की ३२,६००. म्हणजे महिन्याला सुमारे १६० डॉलर. माझा एक मित्र दर तीन वर्षांनी नवी गाडी लीजवर घेतो आणि महिन्याला चारशे भरतो. कित्येक वर्षं मी पार्ट्यांमध्ये हा आकडा तोंडावर फेकून जिंकत आलो.

पण तो आकडा लबाड आहे. कारण २०११ पासून आमच्याकडे दुसरी गाडीही आहे, चार दारांची, उंच, मागे सामान मावणारी. खरं घर तीच चालवते. मी ऑफिसला ट्रेनने जातो. म्हणजे कूपे काढून टाकली तर माझा खर्च लीजवर जाणार नाही, सरळ शून्यावर येईल. विम्याचे पैसे मी स्प्रेडशीटमध्ये धरलेच नव्हते. ही गाडी महागडं प्रीमियम पेट्रोल पिते, तेही धरलं नव्हतं. बायकोने एका रविवारी चहा पिता पिता तीन नवे कॉलम घातले आणि माझा युक्तिवाद दहा मिनिटांत संपवला. (ती टेस्टिंगमध्ये आहे.) तेव्हापासून मी 'जुनी गाडी स्वस्त पडते' हे वाक्य उच्चारत नाही, आणि तुम्हीही उच्चारू नये. जुनी साधी गाडी स्वस्त पडते. जुनी स्पोर्टी गाडी हा छंद आहे, आणि छंदाला छंद म्हणावं. तबल्याच्या शिकवणीचा खर्च कोणी गुंतवणूक म्हणून दाखवतं का?

दुसरं खोटं 'पुढे हिची किंमत वाढेल' हे. काही जणांची वाढलीही आहे. ह्या गाडीचं इंजिन जुन्या सिव्हिकमध्ये बसवायला लोक इतके उत्सुक असतात की कित्येक चांगल्या टाइप-एस केवळ इंजिनासाठी मारल्या गेल्या, आणि उरलेल्या साहजिकच भाव खातात. पण किंमत वाढते ती गॅरेजात झाकून ठेवलेल्या, न चालवलेल्या गाडीची. माझी १ लाख ६८ हजार मैल चालली आहे, बंपरवर दोन ओरखडे आहेत आणि चालकाच्या सीटची कड फाटली आहे. माझी गाडी गुंतवणूक नाही. ती वापरलेली आहे.

मग ठेवली कशाला? सुरुवातीला खरं तर ठेवायची नव्हतीच. २००९ च्या फेब्रुवारीत आमच्या प्रोजेक्टमधले निम्मे लोक एका शुक्रवारी कमी केले, त्यात मीही. नोकरी गेलेल्या एच-वनवाल्याला आज साठ दिवस मिळतात, पण तो नियम २०१७ चा. आम्हाला नावापुरतेसुद्धा दिवस नव्हते. बायको पाच महिन्यांची गरोदर. मी गाडीचे फोटो काढून जाहिरात टाकली आणि साडेनऊ हजारांचं गिऱ्हाईकही आलं. शनिवारी बघून जाणार होता. गुरुवारी दुसऱ्या कंपनीचा फोन आला. शनिवारी तो माणूस आला तेव्हा मी त्याला चहा पाजला आणि क्षमा मागितली. हा काही शकुन वगैरे नव्हता. नोकरी सोमवारी मिळाली असती तर गाडी गेली असती आणि आज मी दुसऱ्या कशावर तरी लिहीत असतो.

मुलगी झाल्यावर मात्र रोज वाटायचं की विकायला हवी होती. दोन दारांच्या गाडीत मागे बाळाची सीट बसवणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. पुढची सीट पाडायची, कंबरेतून वाकून आत शिरायचं, एका हातात रडणारं बाळ, दुसऱ्या हाताने पट्टा शोधायचा, आणि बाहेर येताना डोकं आपटायचं. मागची काच अशी उतरती की मागे बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं डिकी लावताना काचेला लागेल. न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा पंपावरचा मुलगा पेट्रोल भरतो. आमचा नेहमीचा पंपवाला गुजराती काका पेट्रोल भरता भरता बाळाकडे बघून दर वेळी म्हणायचा, "भाई, अब तो बदल डालो." दोन वर्षं ऐकलं, मग ती उंच गाडी आली.

आणि मग आण्णा आले. २०१३ चा उन्हाळा. विमानतळावर गाडीत बसले, घरी पोचल्यावर उतरायचा प्रयत्न केला, दोनदा परत सीटमध्ये पडले आणि म्हणाले, "ही गाडी आहे की विहीर?"

त्या सुमारास इंजिनातून टिक-टिक असा बारीक आवाज यायला लागला होता. मी एका मोठ्या, चकचकीत गॅरेजात दाखवलं. पहिल्या वेळी ते म्हणाले, असा आवाज असतोच. दुसऱ्या वेळी म्हणाले, कॅमशाफ्टचं एक अख्खं गिअर बदलावं लागेल, अकराशे डॉलर. मी घरी येऊन ही बातमी सांगितली. आण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. स्वयंपाकघरातून लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर मागवला, मूठ कानाला लावली, टोक इंजिनाच्या झाकणावर चार ठिकाणी टेकवून बघितलं आणि एका शब्दात निकाल दिला. "टॅपेट."

मी म्हटलं, आजकाल टॅपेट कोणी ॲडजस्ट करत नाही, आपोआप होतात. आण्णा म्हणाले, "पुस्तक आण." होंडाचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घेतलं. आण्णा बरोबर होते. ह्या इंजिनात आपोआप काही होत नाही. प्रत्येक झडपेला बारका स्क्रू आणि त्यावर नट, अगदी स्कूटरला असतात तसे. सोळा झडपा.

"कधी करायचं?" मी विचारलं. "आता नको, गरम आहे. रात्रभर थंड होऊ दे. सकाळी चहाच्या आधी."

त्या सकाळचं मी जास्त लिहिणार आहे, कारण माझं सगळं मत त्या सकाळी बनलं. अपार्टमेंटच्या मागच्या पार्किंगमध्ये (तिथे गाडी दुरुस्त करायला मनाई होती, ती पाटी आण्णांना मी वाचून दाखवली नाही) बनियन आणि लेंग्यावर आण्णा, आणि मी त्यांचा हेल्पर. चाळिशीकडे झुकलेला, दहा जणांची टीम सांभाळणारा मी, आणि माझं काम काय, तर मागतील तो पाना हातात देणे आणि सांगतील तेव्हा पुली फिरवणे. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती फायरिंग ऑर्डर. बसच्या सहा सिलिंडरचा एक-पाच-तीन-सहा-दोन-चार हा क्रम त्यांना पाढ्यासारखा पाठ होता. हिचा एक-तीन-चार-दोन. "लहान पोरांचा आहे," म्हणाले.

झाकण काढलं. आत सगळं मधाच्या रंगाचं, स्वच्छ. आण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या मास्तरांनी ऑइल वेळेवर बदललं हो." निवृत्त शिक्षकाच्या त्या फाइलला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद. ते तीन-तीन उंचवटे बघून त्यांनी विचारलं, हे कशाला? मी व्हीटेक समजावलं. पिन, ऑइलचा दाब, ५,८०० आरपीएम. बसचं डिझेल इंजिन त्याच्या निम्म्यातही दम टाकतं. त्यांनी बोटाने एक रॉकर हलवून बघितला आणि म्हणाले, "ज्याने केलंय, त्याला झोप लागली नसणार."

फिलर गेज मी दुकानातून आणलं होतं. झडप आणि रॉकर यांच्यामध्ये पट्टी घालायची आणि ओढायची. "सुळकन आली तर सैल, आलीच नाही तर घट्ट. लोणी कापताना सुरी जशी जाते, तेवढी अडकली पाहिजे." पहिल्या चार झडपा त्यांनी केल्या, पुढच्या चार माझ्याकडून करून घेतल्या, त्यातल्या तीन परत सैल करून परत करायला लावल्या. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो आणि माप बदलतं, हे हाताला कळेपर्यंत चुकतंच. आत येणाऱ्या हवेच्या दोन झडपा सैल निघाल्या, टिक-टिक त्यांची. पण बाहेर जाणाऱ्या धुराच्या दोन घट्ट होत्या. आण्णांना त्या सापडल्याचं जास्त महत्त्व वाटलं. सैल झडप वाजते म्हणून आपण तिच्याकडे लक्ष देतो. घट्ट झडप गप्प असते, नीट मिटत नाही, आणि एक दिवस जळते.

साडेदहाला गाडी सुरू केली. आवाज गेला होता. अकराशे डॉलरचं काम बारा डॉलरच्या पट्ट्यांवर आणि एका गास्केटवर झालं, पण पैशांचं मी मघाशी कबूल केलंच आहे. मुद्दा दुसराच आहे. पाच वर्षं जी वस्तू मी माझी म्हणत होतो, तिच्या आत काय आहे हे मी पहिल्यांदा बघितलं. त्याआधी मी तिचा ग्राहक होतो. दुपारी आण्णांना नदीकाठच्या २९ नंबरच्या रस्त्यावर फिरवून आणलं, लँबर्टव्हिलपासून वर फ्रेंचटाउनपर्यंत डेलावेअर नदी डाव्या हाताला ठेवून. एका मोकळ्या चढावर मी दुसऱ्या गिअरमध्ये दाबली. आवाज बदलला तेव्हा आण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, घाबरून नव्हे, बस सुरू झाल्यावर ठेवायचे तसा. म्हणाले, "परत कर."

२०१९ मध्ये आण्णा गेले. गाडी आहे म्हणून त्यांची आठवण आहे असं काही मी म्हणणार नाही. ते फार सोपं वाक्य आहे, आणि खरंही नाही. गाडी नसती तरी आठवण असतीच. पण दर दोन वर्षांनी एका थंड सकाळी मी ते झाकण काढतो, आणि त्या वेळी माझे हात कोणाचे आहेत ह्याबद्दल मला शंका नसते.

आमच्या धंद्यात एक माणूस हमखास भेटतो. नव्या टीममध्ये येतो, जुनी सिस्टीम बघतो आणि दोन आठवड्यांत म्हणतो की हे सगळं फेकून नव्याने लिहू. त्याने ती जुनी सिस्टीम वाचलेली नसते. ती चिडचिडी का आहे, कुठल्या रात्री कुठल्या ग्राहकासाठी तो विचित्र 'इफ' घातला गेला, हे त्याला माहीत नसतं. मी स्वतः असा माणूस होतो. चार वेळा नव्याने लिहिलं, तीन वेळा तेच बग परत लिहिले. गाडीने मला ह्यातून थोडं बाहेर काढलं. तिसरा गिअर घालताना खरखर होते, हे ह्या गाडीचं प्रसिद्ध दुखणं, माझ्या गाडीला २०१६ मध्ये लागलं (चूक माझी, घाईने गिअर ओढायची सवय). लोकांनी सांगितलं गिअरबॉक्स बदल. मी आधी तेल बदललं, मग सवय बदलली. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्ये श्वासभर थांबायचं. खरखर गेली नाही, पण नऊ वर्षांत वाढलीही नाही. तेवढ्यात भागतं. सगळं दुरुस्त करावंच लागतं असं नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला.

ह्याला विरोध करणारे माझे मित्र मूर्ख नाहीत. एकाकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, ती माझ्या गाडीला सिग्नलवर लाजवते, ऑइल बदलावं लागत नाही आणि धूर सोडत नाही. धुराच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझी गाडी दोन वर्षांनी राज्याची प्रदूषण चाचणी पास होते एवढंच मी सांगू शकतो, आणि वर्षाला पाच-सहा हजार मैलांच्या वर चालत नाही. पण 'जुनी गाडी म्हणजे मागे पडलेला माणूस' हे मला मान्य नाही. माझ्या गाडीला मी गेल्या सतरा वर्षांत एकदाही 'मान्य आहे' असं बटण दाबलेलं नाही. ती मला ओळखत नाही, माझी माहिती कुठे पाठवत नाही, आणि मी काल होतो तिथेच तिची सगळी बटणं आहेत. दिवसभर असली बटणं बनवणाऱ्या माणसाला ह्याची किंमत जास्त कळते.

दोन दारांच्या गाड्या तशाही संपत आल्या. सेलिका २००५ मध्ये अमेरिकेतून गेली, ही २००६ मध्ये बंद झाली, अकॉर्डची दोन दारांची आवृत्ती २०१७ मध्ये, सिव्हिकची २०२० मध्ये. २०२२ मध्ये इंटिग्रा हे नाव परत आलं, पण पाच दारांच्या गाडीवर. २०२५ मध्ये प्रिल्यूड परत आली, दोन दारं आहेत, हायब्रिड आहे, पण क्लचही नाही आणि गिअरचा दांडाही नाही. इंजिन गिअर बदलल्यासारखं भासवतं म्हणे. भासवणार असेल तर माझ्या मुलीच्या व्हिडिओ गेममध्येही ती सोय आहे.

मुलीवरून आठवलं, आणि खरं तर तिच्यामुळेच हे सगळं लिहायला बसलो.

ती आता सोळा वर्षांची आहे, शिकाऊ परवाना मिळाला आहे. तिला ही गाडी हवी आहे. नुसतं चालवायला नव्हे, पुढच्या वर्षी परवाना पक्का झाल्यावर स्वतःची म्हणून. तिच्या मैत्रिणींत कोणालाच गिअरची गाडी येत नाही, त्यामुळे तिचा भाव आत्ताच वाढला आहे. बायकोला वाटलं मी आनंदाने वेडा होईन. मीही तेच समजत होतो.

मग एका रात्री मी बसून यादी केली. पुढे एअरबॅग आहेत, पुढच्या सीटच्या बाजूला आहेत, खिडक्यांवरून खाली येणारे पडदे नाहीत. एबीएस आहे, पण गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोल नाही. अमेरिकेत मॉडेल वर्ष २०१२ पासून ती प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची आहे, आणि सक्ती उगाच केलेली नाही. एकट्या गाडीच्या, घसरून झाडावर जाण्याच्या अपघातांत ती माणसं वाचवते. नवशिके चालक नेमके ह्याच अपघातांत सापडतात. त्यात इथला हिवाळा, रस्त्यावर मिठाचं पाणी, आणि खालून गंज. मागच्या चाकावरच्या कमानीत पत्रा फुगला आहे. दर शरदात मी लॅनोलिनचं तेल फवारतो, पण गंज हळू होतो, थांबत नाही. हे सगळं मला सतरा वर्षं माहीत होतं. स्वतःसाठी मी ते 'कॅरेक्टर' म्हणून खपवलं. तिच्यासाठी खपवता येत नाही.

आता गाडीवेडे म्हणतील, तू शिकलास ना त्याच्याशिवाय? शिकलो. पुण्यात हेल्मेटशिवाय चेतकवर चौघे जणही बसत होतो. वाचलो हा पुरावा नाही, जे वाचले नाहीत ते असल्या वादात भाग घ्यायला येत नाहीत.

म्हणून तिला 'नाही' म्हटलं. गाडी तुझी होणार नाही, पावसात आणि बर्फात चालवायची नाही, हायवेवर मी शेजारी असल्याशिवाय न्यायची नाही. तुझ्यासाठी चार दारांची, कंटाळवाणी, सगळे पडदे असलेली गाडी बघू. तिने दार आपटलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मग तू ती कुणासाठी सांभाळतोयस?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, आजही नाहीये. मी म्हटलं, गाडी देत नाही, पण ती चालवायला शिकवतो, आणि उघडायला शिकवतो. चालेल का? ती म्हणाली, आधी चालवायला.

गेल्या रविवारी सकाळी सातला आम्ही एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये होतो. अकरा वेळा गाडी बंद पडली. बाराव्या वेळी क्लच सुटला, गाडी हलली आणि चालायला लागली. पहिला, दुसरा. तिसरा घालताना खरखर झाली, तिने दचकून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मध्ये श्वासभर थांब. पुढच्या फेरीत ती थांबली आणि खरखर झाली नाही.

पुढच्या शनिवारी झडपांची पाळी आहे. तिला सांगून ठेवलंय, इंजिन थंड लागतं, तेव्हा सकाळी सहाला उठावं लागेल. फिलर गेज शोधून ठेवलंय, स्वयंपाकघरातला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर मात्र कुठे गेला कळत नाही.